कपाळावरचा गॉगल

डिसेंबर लागला की रायपुरात स्वेटरवाले येतात. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या बांधून लोकरीच्या टोप्यांच्या रांगा लावतात, आणि बायका आपल्या लेकरांच्या पंजांवर हातमोजे ताणून पाहतात. "थोडा बडा दीजिए भैया, अगले साल भी चलेगा." दरवर्षी हे वाक्य माझ्या कानावर पडतं आणि दरवर्षी त्या बाईच्या हातातून तो मोजा हिसकून घ्यावासा वाटतो. घेत नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, लोक वेडा म्हणतील. पण राग यायचा तो येतोच. माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. माझ्या मते तो कधीच नाकावर नव्हता, उजव्या हातात होता.

थंडीचे बाकीचे गुण मलाही कळतात. सकाळी गच्चीवर गेलो की फरशीवर रात्रभर पडलेली काळी भुकटी असते. पाय ओढला की पट्टा उमटतो. शहराबाहेरच्या उरला आणि सिलतरा या कारखान्यांच्या वस्त्यांतल्या धुराड्यांनी पाठवलेलं ते रोजचं टपाल. लोक कारखान्यांना शिव्या घालत झाडू मारतात. मी बोटावर घेऊन चोळून पाहतो. लोखंड आहे हे बोटाला कळतं. बत्तीस वर्षं सिलतऱ्याच्या भट्टीवर काढली, शेवटची चौदा शिफ्ट इनचार्ज म्हणून. ती भुकटी अजून माझ्या थुंकीत असेल.

भट्टी ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायचं तर, विहिरीएवढ्या तोंडाचं एक भांडं असतं आणि त्यात भंगार टाकत राहायचं. रेल्वेचे तुकडे, ट्रकचे स्प्रिंग, कुणाच्या घराचं फाटक, सगळं त्यात उतरतं आणि पाणी होतं. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर नुसता पांढरा मारा, त्यात काही नसतं. निळ्या काचेचा गॉगल खाली ओढला की मग लोखंड दिसतं, त्यावर तरंगणारा मळ दिसतो, उकळी दिसते. आमच्यासाठी गॉगल म्हणजे डोळाच होता. आणि जो कुणी तो कपाळावर सरकवी, त्याला मार बसे.

हो, मार. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण भट्टीवर शब्द ऐकूच येत नाही. क्रेनचा खडखडाट, भंगार कोसळण्याचा आवाज, पंख्यांची घरघर. तिथे तोंडानं सांगायला गेलात तर वाक्य पूर्ण होईपर्यंत माणूस जळालेला असतो. म्हणून आमच्याकडे आधी मानगुटीत थप्पड, मग समजावणं. मला माझ्या मेल्टरनं, भट्टी चालवणाऱ्या उस्तादानं, मारलं, मी माझ्या माणसांना मारलं. शिफ्ट सुटली की ज्यानं खाल्ली तोच मारणाऱ्यासाठी चहा आणायचा. कुणी मनात ठेवायचं नाही. मला तर ते प्रेमच वाटायचं, आणि तसं मी मोठ्या तोंडानं सांगतही असे.

धनीराम माझ्या शिफ्टमधला सगळ्यात जुना माणूस. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, धरसिंव्याकडच्या गावचा. दिवाळीनंतरची ती दुपार, शिफ्ट संपायला अर्धा तास उरलेला. धनीरामनं घाम पुसायला गॉगल कपाळावर सरकवला. मी पाहिलं. दोन पावलांवर होतो. हात उठलासुद्धा. मग मनात आलं, म्हाताऱ्याला चारचौघांत काय मारायचं, आत्ता करेल खाली. तेवढ्यात भट्टीत एक बंद तोंडाचा पाइप पडला. आत पाणी होतं.

स्फोटाचा आवाज मला आठवत नाही. आठवतं ते शेडच्या पत्र्यापर्यंत गेलेलं लोखंड, आणि मग ते खाली आलं. थेंबाथेंबानं, आमच्या पाठींवर, टोप्यांवर, जमिनीवर तडतडत. धनीराम दोन्ही हात तोंडावर धरून गोल फिरत होता. हात ओढून बाजूला केले तेव्हा डाव्या डोळ्याच्या जागी जे होतं ते मी लिहिणार नाही. त्याला खांद्यावर घालून मी गेटपर्यंत पळालो. जळक्या केसांचा वास माझ्या सदऱ्याला लागला आणि नलूनं, माझ्या बायकोनं, तो सदरा तीनदा धुऊन शेवटी जाळून टाकला.

मागे घेतलेला हात. तेवढंच डोक्यात घर करून राहिलं. एक थप्पड मारली असती तर माणसाचा डोळा वाचला असता. मग त्या हातानं घरात धुमाकूळ घातला. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं. रेडिओ लागेना म्हणून आपटला. मिनूच्या, माझ्या दहा वर्षांच्या पोरीच्या, वहीवर शाई सांडली म्हणून वही टराटरा फाडली. मिनू भिंतीला पाठ लावून उभी राहायला शिकली. अखेर नलू म्हणाली, "या घरात आता आग लय झाली. चला, बर्फ पाहून येऊ." तिची एक मावसबहीण मनालीला जाऊन आली होती आणि तिथं स्कीवर उभी राहून काढलेला फोटो तिनं पाठवला होता. फोटोत तिच्या डोळ्यांवर मोठा रंगीत गॉगल होता. मिनूनं तो फोटो उशीखाली ठेवला.

आता गॉगल म्हटल्यावर घरात शहाणा एकच. बर्फावरची चमक डोळे जाळते हे मी कुठंतरी वाचलं होतं. म्हटलं, जाळणाऱ्या गोष्टींचं आपल्याला शिकवू नका. दोघींना घेऊन थेट उरल्याला गेलो. तिथं कारखान्यांना बूट, हातमोजे, टोप्या पुरवणारं एक दुकान आमच्या ओळखीचं होतं. गॅस कटिंगचे गॉगल मागवले. दोन गोल काचा, रबरी वाट्या, मागे इलॅस्टिकचा पट्टा. दुकानात हॅलोजनचा दिवा होता, तो लावायला लावला आणि मिनूला समोर उभं केलं.

"दिव्यातली तार दिसते का?"

"दिसते, बाबा."

"मग नाही. शेठ, याच्याहून काळी काच द्या."

दुसरी काच. तिसरी. दर वेळी तोच प्रश्न. शेवटी मिनू हात पुढे करून चाचपडत म्हणाली, "आता काईच दिसून नाई राहिलं."

"हा बरोबर," मी म्हणालो.

लेकरांच्या मापाचे गॉगल तिथं नव्हतेच. कारखान्यात लेकरं कुठून येणार? तिघांना एकच माप घेतलं. मिनूच्या नाकाशी बोटभर फट राहत होती, तिथं नलूला कापूस शिवायला सांगितलं. पट्ट्याला गाठ मारली. आपल्याकडे लेकरांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात, फ्रॉक, चपला, सायकल. गॉगलही घेतला. नलू एवढंच म्हणाली, "तिले विचारा तरी, कसा वाटते." मी म्हणालो, डोळा विचारून वाचत नाही.

मनालीला पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि मी जिंकलो. बाकीचे लोक डोळे चोळत होते, रुमाल धरून चालत होते, आणि आम्ही तिघं सरळ मान करून उतार चढलो. कुणीतरी हसलं, "वेल्डिंग करने आए हैं क्या?" मला त्या हसण्याचाही अभिमान वाटला. मिनू स्कीवर दोनदा पडली, दोनदा उठली आणि खिदळली. किती महिन्यांनी ती खिदळली होती. नलूनं माझ्याकडे पाहिलं, आणि मीही हसलो. त्या आठवड्यातलं तेवढं एक ऊन मला परत मिळालं तर बाकी सगळं आयुष्य मी देऊन टाकीन.

दुसऱ्या दिवशी ढग उतरले. ऊन नाही, सावली नाही, आभाळ आणि जमीन एकच पांढरं. अशा उजेडात खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात, हे आज मला माहीत आहे. तेव्हा तिथं स्की शिकवणाऱ्या पहाडी माणसाला माहीत होतं. तो माझ्याजवळ आला.

"भाईसाहब, बच्ची का चश्मा बदल दीजिए. बादल में काला नहीं चलता, ज़मीन नहीं दिखती. मेरे पास पीला वाला है."

"बीस साल भट्टी पे निकाले हैं मैंने," मी म्हणालो. "मेरे को चश्मा मत सिखाओ."

त्यानं खांदे उडवले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मिनू उताराच्या तोंडाशी उभी होती, मी तिच्यापासून दोन पावलांवर. नलू खाली चहाच्या टपरीजवळून आमच्याकडे पाहत होती. आणि मिनूनं दोन्ही हातांनी गॉगल उचलून कपाळावर सरकवला.

"बाबा, मले काईच दिसून नाई राहिलं. आत वाफ धरली."

मला ते शब्द ऐकू आले. इथं ना क्रेन होती ना पंखे. सगळं शांत होतं, आणि शब्द न् शब्द ऐकू आला. तरी माझ्यासमोर मिनू नव्हती, धनीराम होता, दोन पावलांवर, गॉगल कपाळावर. या वेळी मी हात मागे घेतला नाही.

तिची लोकरीची टोपी उडून बर्फात पडली. गालावर चार बोटं उठली. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली, उघड्या डोळ्यांनी. मी गॉगल खाली ओढला, पट्ट्याला आणखी एक गाठ मारली आणि म्हणालो, "जा आता." आमच्या घरात थप्पड खाल्ल्यावर वाद नसतो. ती गेली. मागून मला तिची लहानशी पाठ दिसत होती, हात पुढे धरलेले, चाचपडल्यासारखे, उरल्याच्या दुकानात होते तसेच.

उताराच्या शेवटी एक खळगा होता. मला वरून दिसत नव्हता, तिला तर काय दिसणार. स्कीचं टोक रुतलं, ती तोंडावर गेली, एक स्की सुटून उलटली आणि तिच्या चेहऱ्यावर आदळली. काच फुटली. कारखान्याच्या गॉगलची काच काचेचीच असते, हेही मला तेव्हा सुचलं नव्हतं. लोखंडाचा थेंब काचेला चिकटत नाही म्हणून आम्ही काच वापरायचो. लेकराच्या डोळ्यावर मी काच बांधली होती.

रक्त फार नव्हतं, पण बर्फावर थोडंही फार दिसतं. मी पोचलो तेव्हा नलू तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि भुवईतून वाहणारं रक्त पदरानं दाबत होती. मी वाकलो, तशी नलू उठली आणि तिनं माझ्या तोंडात मारली. जन्मात कुणावर हात न उचललेली बाई. पुन्हा मारली. लोक जमले होते.

"काहून मारलं तिले? काहून?" ती किंचाळत होती. "डोळे वाचवून राहिले होते का तुम्ही तिचे?"

खालच्या दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जरा खाली असतं तर डोळा गेला होता. मी मनातल्या मनात मोजलं, दोन सूत, म्हणजे पाव इंच. आमच्याकडे दोन सुतांच्या फरकासाठी अख्खा माल परत जातो. गाडीत, रायपूरपर्यंत, मिनू खिडकीशी बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. उरलेल्या डोळ्यानं ती बाहेर पाहत होती, आणि मी समोरच्या बाकावरून तिच्याकडे. इटारसीला मी तिला संत्री सोलून दिली. तिनं घेतली आणि हातात तशीच ठेवली.

परतल्यावर धनीरामकडे गेलो. तोवर त्यानं कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी टाकली होती. मी त्याच्यापुढे सगळं ओकलो. त्याला न मारल्याचं, आणि पोरीला मारल्याचं. त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मोला मारे रहितेव, त बने होतिस," तो म्हणाला. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग गाळणी झटकत म्हणाला, "फेर नोनी ल काबर मारेव साहब? ओ ह त कहत रिहिस, नइ दिखत हे." मग पोरीला का मारलं साहेब, ती तर सांगत होती की दिसत नाही.

त्यानंतर मी कुणावर हात उगारला नाही. भट्टीवर रुळाचा एक तुकडा टांगला आणि कुणी गॉगल वर केला की त्यावर घण मारायचो. त्या ठणक्यानं सगळे दचकून पाहायचे. घरात मात्र असा रूळ टांगता येत नाही. मी पंख्याचं बटण दाबायला हात वर केला, फळीवरचा डबा काढायला हात वर केला, की मिनूची मान आत जायची. दहा वर्षांची असताना, सोळाची असताना, लग्नाच्या मांडवात अक्षता टाकायला मी हात उचलला तेव्हासुद्धा. तिला ते ठाऊक नसावं. मला होतं. आम्ही त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही.

आणि मी वाचत राहिलो. ज्यानं पुन्हा कधी बर्फ पाहिला नाही असा हा रायपूरचा म्हातारा स्कीच्या गॉगलबद्दल जेवढं जाणतो तेवढं दुकानदारही जाणत नसतील. काच कधीच नको, न फुटणारं प्लॅस्टिक हवं. ते दुहेरी हवं, म्हणजे आत वाफ धरत नाही. कडेचा स्पंज कपाळापासून गालापर्यंत सगळीकडे टेकला पाहिजे. नाकाशी फट नको आणि दाबही नको. लेकराचं माप लेकराचंच, वाढत्या अंगाचं मुळीच नाही, कारण मोठा गॉगल लहान चेहऱ्यावर सरकतो आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होतं. ऊन असेल तर गडद. ढग असतील तर पिवळा किंवा गुलाबी, उजेड आत घेणारा. गडद म्हणजे सुरक्षित हे भट्टीचं शास्त्र आहे. बर्फाचं शास्त्र वेगळं, तिथं न दिसणं हाच धोका. हे सगळं मला आता पाठ आहे. मिनूला सांगायचं धाडस एकवीस वर्षांत झालं नाही.

गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला. ती शंकर नगरात राहते, तिची पोरगी रेवा सात वर्षांची. "बाबा, आम्ही गुलमर्गला जाऊन राहिलो. रेवाला स्की करायची आहे. गॉगल घ्यायला चला ना माझ्यासोबत." येतो, म्हणालो. मलाच का, हे विचारायची छाती झाली नाही. निघताना नलू दारापर्यंत आली. "जा," म्हणाली, "पण हात खिशात ठेवजा."

खेळाच्या सामानाचं मोठं दुकान, थंडगार, झगझगीत. भिंतीवर गॉगलांची रांग, काचा केशरी, निळ्या, आरशासारख्या. विकणारी मुलगी मिनूला दाखवत होती, मॅडम ये बच्चों का, ये बड़ों का, ये हेलमेट के साथ फिट होता है. मिनू प्रत्येकाचा स्पंज अंगठ्यानं दाबून पाहत होती. नाकाशी फट आहे का ते वाकून पाहत होती. मग म्हणाली, "बच्ची के लिए पीला भी दिखाइए. बादल वाला." मी चमकलो. तीही वाचत आली होती तर. तिच्या डाव्या भुवईत केस नसलेली ती रेघ आहे, दिव्याखाली ती चकाकत होती. माझे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते.

तेवढ्यात रेवानं स्वतःच भिंतीवरून मोठ्यांचा एक गॉगल काढला, काळाकुट्ट, आणि डोळ्यांवर चढवला. इकडे तिकडे वळली, एका स्टँडला धडकली. मग दोन्ही हातांनी तो उचलून तिनं कपाळावर सरकवला.

माझा हात खिशातून बाहेर आला होता. कधी आला मला कळलं नाही. वर, खांद्याच्याही वर होता. शपथेवर सांगतो, मी मारणार नव्हतो. गॉगल काढून घेणार होतो, धडकलेलं कपाळ चोळणार होतो, काय करणार होतो मला ठाऊक नाही. पण माझ्या शपथेला विचारतं कोण? एकतीस वर्षांच्या, एका लेकराच्या आईची मान आत गेली. आणि त्याच क्षणी तिचा हात पुढे झाला. स्वतःच्या भुवईवर गेला नाही तो. रेवाच्या चेहऱ्यापुढे आडवा गेला, माझ्या आणि तिच्यामध्ये.

मी माझा हात खाली घेतला आणि बूट घालायच्या बुटक्या स्टुलावर बसलो, म्हणजे मी रेवाच्या उंचीचा झालो. मिनूच्या बोटांच्या पलीकडे मला रेवाचे डोळे दिसत होते, उघडे.

"रेवा," मी म्हणालो, "गॉगल वर काहून केला?"

"आबा, इसमें कुछ दिख ही नहीं रहा था."

तीच भाषा नव्हती, तेच वाक्य होतं. माझ्या घशात लोखंडाची चव आली.

"मग बरं केलं, बाई," मी म्हणालो. "दिसत नसलं तर वरच करायचा. कुणी काही म्हणो. मी म्हणालो तरी."

ती हसली. पण मी तिच्याकडे पाहत नव्हतो. मिनू माझ्याकडे पाहत होती, एकवीस वर्षांपूर्वी टोपी बर्फात पडल्यावर पाहिलं होतं तशीच, न रडता.

"हे तेव्हाच म्हणायचं होतं, बाबा."

"हव, म्हणायचं होतं," मी म्हणालो.

तिचा हात अजून रेवाच्या तोंडापुढे होता. तो खाली यायला वेळ लागला. मी दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले, तिला दिसतील असे, आणि वाट पाहिली.